शेवटचा रकाना

सोहारला, मासळीबाजाराच्या मागच्या रस्त्यावर
खाली करक चहा उकळतो
आणि वरच्या मजल्यावर मी
लहान मुलांना आ करायला सांगते.

"पडणारच आहे ना डॉक्टर, मग एवढं कशाला?"
हा प्रश्न मला चार भाषांत पाठ झालाय.
अरबीत तो अल्लावर सोपवून येतो,
मल्याळममध्ये बिलाकडे बघत,
मराठीत सरळ: दुधाचाच तर आहे!

मराठी आयांना मी सांगते,
एस.टी.च्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना,
तसा आहे हा दात.
खालून येणारा अजून गर्दीत आहे,
तोवर रुमाल उचलायचा नाही.
बाकीच्यांना मी एक्स-रे दाखवते.

वहीत रकाने आखलेत.
एका दाताचा वरचा जीव काढायचा, मुळांतला राखायचा,
वर गंजाच्या रंगाचं पाणी टेकवायचं.
दुसऱ्याला तेच, पण पाण्याऐवजी सिमेंट,
बंदरात पोत्यांनी उतरतं त्याच्याच घराण्यातलं,
फक्त हे गुंजांनी मोजायचं आणि सोन्याच्या भावानं.
काही दातांत काही राखण्यासारखं उरतच नाही.
मग मुळाच्या टोकापर्यंत जायचं, साफ करायचं
आणि मूळ झिजेल तसतशी झिजणारी पेस्ट भरायची.
सहा महिन्यांनी बघायचं. बारा. चोवीस.
कुठला टिकला, कुठला सुजला.

सालिम अल-मक़बालीच्या दातावर
कापसाचा बोळा दाबून मी मनात आकडे मोजते,
मराठीत, कारण घाबरल्यावर आकडे मराठीतच येतात.
चौथ्या मिनिटाला रक्त थांबलं.
त्याची आजी झांझिबारची. लवंगेचा वास आला तशी
खुर्चीच्या मागे उभी राहून म्हणाली,
आमच्या अंगणाला असाच वास यायचा.

सिद्रा परकार, वय साडेपाच, गाव खेड.
रात्री बाटलीतून गोड दूध, वर खजुराचा पाक.
पाच मिनिटं झाली, सहा झाली,
बोळा बदलला, पुन्हा लाल.
चिठ्ठी काढून मी तिला सिमेंटमध्ये टाकलं होतं.
रक्ताला चिठ्ठी वाचता येत नाही.
खाली मुळांत उतरले, पाऊण तास.
तिनं माझं बोट चावलं, एकदा, मनापासून.
शेवटी स्टीलची टोपी बसवली.
आरशात बघून तिनं विचारलं,
"ही माझीच?"

सहाव्या महिन्यात फोन लावला.
नंबर बंद.
कारखान्यातलं कंत्राट संपलं होतं,
तिसऱ्याच कुणीतरी सांगितलं, गेले ते, सामान विकून,
फ्रिज आमच्याकडेच आहे.

एकेचाळीस दातांपैकी चोवीस महिन्यांनी
सतरा उरले माझ्यासमोर.
कुणी दोहाला, कुणी कोल्लमला,
एक तर फक्त शाळा बदलून रस्त्यापलीकडे.
मस्कतच्या सभेत मी सतरांचा तक्ता दाखवला.
सिमेंट पुढे होतं, थोडंसं.
मागच्या रांगेतल्या एकानं विचारलं, बाकीचे चोवीस?
संख्याशास्त्रात त्याला गळती म्हणतात.
मी तोच शब्द वापरला आणि पाणी प्यायले.

सालिमचा दात मात्र वेळेवर पडला.
त्यानं तो गच्चीवरून सूर्याकडे भिरकावला,
गाढवाचा घे, हरणाचा दे असं ओरडून,
आणि माझ्याकडे येऊन नवा दाखवून गेला,
वाकडा, पण जागेवर.

परवा, सहा वर्षांनी,
अनोळखी भारतीय नंबरवरून एक फोटो आला.
तळहातावर दाढ, टोपीसकट.
मुळं नाहीत. जशी नसायला हवीत तशीच नाहीत.
खाली सिद्राच्या आईचा निरोप:
डॉक्टर, ओळखलंत का? काल जेवताना आपोआप आली.
ही टोपी चांदीची आहे का?

नाही, स्टीलची, मी लिहिलं.
मग उठून वही शोधायला लागले.